वाटेवरचे पाव्हणे

आमच्याकडे माणूस अत्यवस्थ झाला की आधी सगळे त्याला बघून घेतात आणि मग दवाखान्यात नेतात. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. चेष्टेचे दिवस गेले, आता नुसतं डोकं फिरतं.

मी प्रियदर्शनी मगदूम, राहणार माधवनगर. बरीच वर्षं अतिदक्षता विभागात सिस्टर होते. आता सांगली-मिरज रस्त्यावरच्या आमच्या हृदयरोगाच्या दवाखान्यात फोन धरते. फोन धरते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाहेर टेबलाशी बसून नंबर लावून घेते. तसं नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या लहान दवाखान्यांची आम्ही एक साखळी केली आहे. कुणाकडे हृदयाचा मोठा झटका आलेला पेशंट आला, की त्या डॉक्टरांनी एकच नंबर फिरवायचा, तो माझा. मग साताऱ्याला पाठवायचं की सांगलीला, ऑपरेशनचं टेबल कुठं मोकळं आहे, वाटेत कुठलं औषध चालू ठेवायचं, हे सगळं आम्ही बघतो. पेशंटच्या माणसांनी फक्त गाडीत बसायचं आणि यायचं. त्यांच्याकडं एवढंच मागितलेलं आहे, आणि नेमकं तेवढंच होत नाही.

त्यातही वाईट तो शॉक. झटका एवढा मोठा असतो की हृदयाला रक्त पुढं ढकलायची ताकदच उरत नाही. माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो, आणि हातपाय गार पडलेले असतात. घरच्यांना वाटतं, बोलतोय की, मग काय झालंय? आम्हाला दिसत असतं की आत एकेक खोलीतला दिवा मालवत चाललाय. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडेपर्यंत, आणि उशीर झाला असेल तर त्यानंतरही, अशा माणसाला तग धरायला पंप लागतो. मांडीतून आत सरकवलेला एक लांबट फुगा आणि तो फुगवणारं, मिटवणारं यंत्र. आमच्या साखळीत असे दोनच पंप. एक साताऱ्याच्या दवाखान्यात, दुसरा आमच्याकडं. आणि नियम असा, की पंप कुणाच्या नावानं राखून ठेवायचा नाही. जो आधी दारात येईल, त्याला लागेल. हा नियम व्हावा म्हणून मीच बैठकीत भांडले होते. कारण राखून ठेवायचं म्हटलं की कुणासाठी राखायचं ते आपल्याकडं कोण ठरवतं, हे मला माहीत आहे.

त्या दिवशी दुपारी डब्याचं झाकण काढलं आणि आटपाडीहून डॉक्टर आर्जवचा फोन आला. आर्जव उपाध्ये हा इकडचाच, शिरोळकडचा मुलगा. शिकून आला आणि आटपाडीत दवाखाना टाकून बसला. हुशार आहे, हात चांगला आहे. अडचण एकच, कुणा वडीलधाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायचं त्याला शिकवलेलं नाही.

"ताई, शॉक आहे," तो म्हणाला. "गुंडा खराडे, फौजेतले रिटायर सुभेदार. सकाळी डाळिंबाच्या बागेत छातीत दुखलं. पित्त झालं म्हणून सोडा पिऊन पडून राहिले. आता बीपी फार खाली आहे, हात बर्फासारखे."

मी लगेच डॉक्टर ब्राह्मी चौगुल्यांना फोनवर घेतलं. आमच्याकडची रक्तवाहिनी उघडायची कामं त्याच करतात. त्यांनी आर्जवनं मोबाइलवर पाठवलेली ईसीजीची पट्टी बघितली, औषधाचं प्रमाण सांगितलं आणि म्हणाल्या, "आर्जव, तू स्वतः गाडीत बस. मी टेबल मोकळं ठेवते. पंपही मोकळा आहे. नीट आणलास तर हा माणूस वाचतो."

डॉक्टर ब्राह्मी असं सहसा बोलत नाहीत. 'बघू', 'प्रयत्न करू', एवढंच बोलतात. वाचतो म्हणाल्या, म्हणजे वाचण्यासारखा होता. मला इतका हुरूप आला की मी डबा तसाच बाजूला सरकवला.

थोड्या वेळानं फोन केला. "निघालात?"

"निघतोच ताई. त्यांचे थोरले बंधू येतायत."

"बंधूंचं काय काम?"

"मुलगा, शिवतेज, फौजेत आहे, लांब सरहद्दीला. घरात शब्द या थोरल्यांचा, भाऊसोंचा. ते आल्याशिवाय सुभेदारांच्या मिसेस गाडीत बसायला तयार नाहीत."

भाऊसो आले, भावाला बघितलं, डोळे पुसले, दोन घोट चहा घेतला आणि मग गाडी हलली. मी म्हटलं, चला, इथवर तरी ठीक. रस्ता काही फार वाईट नाही. भिवघाट, मग तासगाव, मग बुधगाव-माधवनगर करून सांगली. सिद्धू नावाचा ड्रायव्हर आहे त्या गाडीवर, तो रस्ता डोळे मिटून चालवतो. आमच्या गाड्या मोबाइलवर नकाशात दिसतात. एक निळा ठिपका सरकत येतो आणि मी त्याच्याकडं बघत इकडची कामं करते.

भिवघाटाच्या अलीकडं ठिपका थांबला.

पहिल्यांदा वाटलं रेंज गेली असेल. मग वाटलं टायर बसला. शेवटी सिद्धूलाच फोन लावला.

"न्हाई ताई, टायर चांगलं हाय," सिद्धू म्हणाला. "सुभेदारांच्या भनीचं गाव आलं. मनुबाईंचं. तोंड बगायला थांबलोय."

आता हे तोंड बघणं म्हणजे काय, ते सांगते. पूर्वी या कोरड्या भागातून माणूस लांबच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा म्हणजे जीपगाडीत घालून न्यायचा, आणि नेलेला माणूस बहुतेक वेळा कापडात गुंडाळूनच परत यायचा. तेव्हापासून रीत पडली, की वाटेवरच्या गावात बहीण असेल, सासुरवाडी असेल, तर गाडी उभी करायची आणि जित्या माणसाचं तोंड त्यांना बघू द्यायचं. न थांबता पुढं गेलं तर ते जन्माचं लागतं. 'माझ्या दारावरनं नेला आणि मला दावला न्हाई,' यावरून दहाव्याच्या दिवशी नदीवर झालेली भांडणं मी डोळ्यांनी बघितली आहेत. हे सगळं मला कळतं. जीपगाडीच्या काळात ठीक होतं. आता दोन तासांच्या आत माणूस टेबलावर येतो आणि आठवड्यानं चालत घरी जातो. पण सांगायचं कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

"भाऊसोंना फोन दे," मी म्हटलं.

"आवं बोला ताई."

"भाऊसो, मी सांगलीहून प्रियदर्शनी बोलते. गाडी का उभी आहे?"

"उभी कुटं, जरा टेकलीया. मनू रानात हुती, बलवाय माणूस गेलाय. ही आलीच बगा."

"त्यांना मागून मोटारसायकलवर सांगलीला येऊ द्या. तुम्ही निघा."

"सांगलीला येऊन काय काचंतनं बगायचं व्हय? तुमी आत सोडत न्हाई कुणाला. मागं आमच्या चुलत्याच्या टायमाला बगितलंय न्हवं आमी. चार दिस दारात बसवलं, आन् शेवटाला बोलावलं तवा हात गार हुता." हे खरं असेल. आम्ही सोडत नाही आत. "धाकटी भन हाय त्येची. दोन मिंटाचा तर सवाल हाय."

"दोन मिनिटंसुद्धा नाहीत भाऊसो. त्यांचं हृदय थकलंय."

"आवं, तो बोलतुया की! आत्ता मला म्हणला, दादा, बागंची मोटार बंद केली का. बोलत्या माणसाला काय हुतंय?"

"बोलणारी माणसंच मरतात!" मी ओरडले.

भाऊसो शांतपणे म्हणाले, "ताई, तोंडातनं अभद्र काढू नका," आणि फोन सिद्धूच्या हातात दिला.

चुकलंच माझं. पण जीभ सुटते, मीही माणूसच आहे. खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याकडं चाललेल्या, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.

मनुबाई आल्या. त्यांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि गाडीच्या दारातच हंबरडा फोडला. तो मला फोनमधून ऐकू आला. त्यांच्या मागून जावा, सुना, शेजारी. एकेकानं वर डोकावून बघितलं. आर्जव मध्ये मध्ये "आता निघू या का?" म्हणत होता, ते त्याच्या दवाखान्यात आलेल्या पाव्हण्याला चहा विचारल्यासारखं वाटत होतं.

"आर्जव, दार लाव आणि निघ," मी म्हटलं.

"ताई, मला यांच्यातच राहायचंय," तो हळूच म्हणाला. "आज दार लावलं तर उद्या माझ्या दारात कुणी येणार नाही."

त्याचं खरं होतं, त्यामुळं आणखीच राग आला.

ठिपका हलला तोवर साताऱ्याहून प्रांजलचा फोन आला. मी इथं जे काम करते तेच ती साताऱ्यात करते. "ताई, आमचा पंप वाईच्या एका पेशंटला लागलाय," ती म्हणाली. "कराडजवळच्या दवाखान्यात धोंडुबाई म्हणून एक बाई आहेत, त्याही शॉकमध्ये. तुमच्याकडं पाठवू? तुमचा मोकळा आहे ना?"

"मोकळा आहे," मी म्हटलं. "पण आटपाडीचा पेशंट निघालेला आहे. तो आधी पोचेल."

"मग दुसरीकडं बघू?"

दुसरीकडं म्हणजे पुणं. तेवढा रस्ता त्या बाईला झेपला नसता. "पाठव," मी म्हटलं. मनात हिशेब केला, सुभेदार आता सुटलेत, ते आधी येतील. त्यांची रक्तवाहिनी वेळेत उघडली की पंप काढून बाईंना लावता येईल. थोडं मागंपुढं होईल, पण दोघं बसतील. माझा हिशेब बरोबर होता. फक्त त्यात रंगूबाईंचं माहेर धरलेलं नव्हतं.

रंगूबाई म्हणजे सुभेदारांची बायको. त्यांचं माहेर तासगावच्या अलीकडं, द्राक्षबागांच्या गावात. ठिपका तिथं दुसऱ्यांदा थांबला. या वेळी मी ओरडले नाही. भाऊसोंना समजावून सांगायचं ठरवलं.

"भाऊसो, नीट ऐका. यंत्र एकच आहे. कराडकडून दुसरी एक बाई येतेय. ती आधी पोचली तर यंत्र तिला लागेल. मग तुमच्या भावाला मिळणार नाही."

"आसं कसं न्हाई मिळणार? तुमीच म्हणला न्हवं, मोकळं ठिवलंय?"

"तुम्ही वेळेवर आलात तर."

"आमचा माणूस उभी हयात देशासाटी फौजेत हुता. त्येला रांगंत बशिवणार व्हय तुमी?"

"रांग नाही हो भाऊसो! रस्ता मोकळा आहे, तुम्हीच थांबलाय!"

"बरं बरं. बगतो मी काय ते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! त्यांनी जे बघायचं ते बघितलं. जरा वेळानं एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून मला फोन आला.

"भाऊसो खराड्यांचे बंधू येतायत तुमच्याकडं. ते पंप का काय आहे ते राखून ठेवा. साहेबांनी सांगितलंय."

"यंत्र इथंच आहे," मी म्हटलं. "पेशंट रस्त्यात आहे. साहेबांना सांगा, तेवढी गाडी हलवायला लावा."

"ते कसं सांगणार मॅडम? ते त्यांचं घरगुती आहे."

मी फोन खाली ठेवला आणि एकटीच हसले. दुसरं करणार काय? यंत्र अडवायला साहेब पुढं, आणि गाडी सोडवायची म्हटली की ते घरगुती.

डॉक्टर ब्राह्मी दोनदा येऊन विचारून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्या मोबाइलवरच्या ठिपक्याकडं बघितलं. तो तासगावात शिरत होता. तिथून पुढं आता पाव्हणा कुणी नव्हता. सिद्धूला मी खोदून खोदून विचारलं होतं. बहीण झाली, सासुरवाडी झाली, आता सरळ सांगली.

पाव्हणे नव्हते, पण फौजी होते.

सुभेदारांना नेतायत ही बातमी एव्हाना सगळीकडं झाली होती. तासगावात रस्त्याच्या कडेला माजी सैनिकांची मंडळी उभी होती. इस्त्रीचे कपडे, छातीवर बिल्ले. एकानं रस्त्यात येऊन हात केला. सिद्धूनं गाडी थांबवली नसती, पण समोर माणूस उभा म्हटल्यावर काय करणार? मागचं दार उघडलं गेलं. मी फोनवरच होते, सगळं ऐकत होते.

"जय हिंद, साब!" कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं.

आणि सुभेदारांनी सलाम करायला उजवा हात उचलला.

त्याच हाताला सुई होती. ज्या औषधावर त्यांचा रक्तदाब कसाबसा टिकून होता, ते त्या सुईतून चाललं होतं. हात झटक्यात कपाळाला गेला, नळी स्ट्रेचरच्या कडेला अडकली आणि सुई बाहेर आली. मला आधी रंगूबाईंचा आवाज ऐकू आला, "आवं, हात खाली घ्या, हात खाली घ्या!" मग काहीतरी पडल्याचा आवाज, आणि मग आर्जव. त्याचा आवाज पार बदललेला.

"ताई, सुई निघाली. औषध बंद पडलं. दुसरी नस सापडत नाहीये."

डॉक्टर ब्राह्मींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "दुसरा हात बघ. नाही? कोपराच्या आत बघ. पायाला बघ. घाबरू नको, पायाला बघ, घोट्याच्या वर." शॉकमधल्या माणसाच्या नसा चिकटून गेलेल्या असतात. धडधाकट माणसाला दिसतात तशा दिसत नाहीत. आर्जव शोधत राहिला. बाहेर ती मंडळी ताठ उभी होती. आत काय झालंय हे त्यांना कळलंच नाही. सलाम घेतला म्हणून ते समाधानात होते. त्यांचा तरी काय दोष? त्यांनी आपल्या माणसाला मान दिला. माझ्या आयुष्यात एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता.

शेवटी घोट्याशी नस मिळाली, औषध चालू झालं, दार लागलं. "सुटलो ताई," सिद्धू म्हणाला आणि त्यानं गाडी हाणली.

पण आता पुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या. संध्याकाळी त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागं एक लागतात आणि बाजूला व्हायला त्यांना जागा नसते. हीच गाडी मघाशी, दुपारी आली असती, तर हा रस्ता रिकामा होता. सायरन वाजवत वाजवत ठिपका मुंगीच्या पावलानं सरकत राहिला.

आणि आमच्या दारात गाडी लागली. कराडची. धोंडुबाई.

पंचावन्न-साठीची बाई, कपाळाला गोंदण, ओठ निळसर, डोळे उघडे. बरोबर एक मुलगी, बाकी कुणीच नाही. डॉक्टर ब्राह्मी स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होत्या. चालता चालता त्यांनी मला विचारलं, "तुझा आटपाडीचा कुठवर आलाय?"

मी ठिपका बघितला. "कवठे एकंदच्या पुढं."

त्या थांबल्या नाहीत, पण माझ्याकडं बघत राहिल्या. नियम त्यांनाही माहीत होता. तरी त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं, कारण दुपारपासून तो माणूस मी ओढून आणत होते. मला एकदा वाटलं, म्हणावं, थांबा जरा. येतीलच ते. आपण त्यांना शब्द दिलाय. मग ती मुलगी दिसली. तिनं आईची चप्पल हातात धरली होती.

"लावा," मी म्हटलं.

पंप धोंडुबाईंना लागला.

बाहेर येऊन बसले, तर फोन वाजला. माझे वडील, बाळगोंडा. माधवनगरच्या चौकात आमचं दुकान आहे. रोज दिवस मावळायच्या आधी त्यांचा फोन येतो, कारण आमच्यात, म्हणजे जैनांत, मावळल्यावर जेवत नाहीत आणि मी दुपारचा डबा विसरते हे त्यांना पाठ आहे.

"जेवलीस का गं? सूर्य टेकलाय."

"नाही बाबा."

"तुझी गाडी आत्ता चौकातनं गेली. आटपाडीचं नाव होतं तिच्यावर. लय जोरात गेली. मी उठून उभा राहिलो आणि णमोकार म्हटला."

"कुणासाठी?"

"आत असेल त्याच्यासाठी. मला काय माहीत कोण?"

एवढ्या सगळ्या लोकांत गाडी न थांबवता त्या माणसासाठी काही केलं असेल, तर ते माझ्या म्हाताऱ्या बापानं.

गाडी दारात लागली तेव्हा अंधार पडायला लागला होता. सुभेदार आता बोलत नव्हते. आर्जवच्या शर्टावर रक्त होतं आणि तो माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. भाऊसो पुढं उतरले. पांढरी टोपी, उंच माणूस, फोनवर वाटले त्याहून म्हातारे. मला हात जोडून म्हणाले, "आनला बगा ताई तुमच्या ताब्यात."

डॉक्टर ब्राह्मींनी रक्तवाहिनी उघडली. उघडली व्यवस्थित, रक्त पुढं गेलं. पण हृदयाला ते उचलायची ताकद राहिली नव्हती, आणि टेकू द्यायला जे यंत्र होतं ते शेजारच्या खोलीत अजून दुसऱ्या बाईला तगवत होतं, काढण्यासारखं नव्हतं. रक्तदाबाची सगळी औषधं चढवून झाली. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मान हलवली.

"पंप असता तर?" मी विचारलं.

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "दुपारी आला असता तर वाचला असता. तेवढं मला माहीत आहे."

नातेवाइकांना सांगायचं काम माझं नव्हतं, डॉक्टरांचं होतं. त्यांनी सांगितलं. रंगूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मी ठरवलं होतं, भाऊसोंना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. रागानं नाही. पण सगळं सांगायचं. कुठं काय गेलं, कशानं गेलं. आज सांगितलं नाही तर कधी सांगणार? उद्या त्याच गावातला दुसरा कुणी निघेल. माझी वाक्यं तयार होती.

भाऊसोच माझ्याकडं आले. डोळे कोरडे होते.

"ताई, ती कराडची बाई कशी हाय?"

"पंपावर आहे. बरी आहे तशी."

"बरं झालं. तिच्या नशिबात हुतं त्ये." त्यांनी एकदा रंगूबाईंकडं बघितलं. "फोनवर तुमच्याशी वाकडं बोललो. मनावर घेऊ नका. तुमी बी लय वरडला. तुमचं बी खरं हुतं, पोटतिडकीनं बोलत हुता." मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "पर एक सांगू का? आमी थांबलो त्येच बरं झालं बगा. मनूला तोंड बगाय मिळालं. रंगूच्या माहेरच्यांनी बगितलं. त्येच्या जोडीदारांनी सलाम घेतला. तुमचं आयकून तसंच आलो असतो, तर आज समद्यांनी मला जोड्यानं मारलं असतं. म्हणले असते, थोरल्यानं धाकट्याला दाराम्होरनं न्हेला आन् कुणाला दावला न्हाई."

तयार केलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. रंगूबाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या वाट बघत होत्या, मी काय म्हणते याची.

"होय भाऊसो," मी म्हटलं. "बरं झालं."

आणि मला कळत होतं, की ही गोष्ट आता त्या वाटेवरच्या प्रत्येक गावात जाणार. दवाखान्यातल्या ताईसुद्धा म्हणाल्या, थांबला ते बरं झालं, असं सांगितलं जाणार. पुढच्या गाडीला आणखी एक थांबा वाढणार. कळत असूनही मी तेच म्हटलं. रंगूबाईंच्या तोंडावर दुसरं काही म्हणणारा माणूस असेल तर त्यानं येऊन माझ्या खुर्चीत बसावं.

सिद्धूची गाडी रिकामीच परत जाणार होती, त्यामुळं त्याच गाडीतून सुभेदारांना नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन केला, नीट पोचलात का विचारायला.

"पोचलो की ताई. लय लवकर पोचलो. एका दमात गेलो."

"वाटेत कुणी थांबवलं नाही?"

"कोण थांबवतंय?" सिद्धू म्हणाला. "समद्यांनी तोंड बगितलंच हुतं न्हवं."